आत बसलेल्यांचा विमा

ही गोष्ट मी सुमनलाही सांगितलेली नाही, आणि सुमन माझी बायको आहे. विम्याची एजन्सी तिच्या नावावर होती. तिच्या सहीने — म्हणजे तिच्या सहीसारख्या माझ्या सहीने — मी आखाडा बाळापूर आणि भोवतालच्या गाड्यांचे विमे काढत होतो. कागदावर पाहिलं तर यातला निम्मा दोष तिच्या माथी जातो. तरी तिला यातलं काही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. सरकारी नोकराने जोडधंदा करायचा नाही असा नियम होता, त्यामुळे आमच्या भागातल्या शिक्षकांच्या बायका मोठ्या उद्योगी निघाल्या. चुलीपासून न हलता त्या विमे काढत, बचतीची खाती उघडत, आणि वर्षाअखेरी नांदेडला त्यांचा सत्कार होई. एका वर्षी सुमनचाही झाला. शाल, श्रीफळ, आणि शाखेच्या साहेबांचं भाषण — सुमनताईंनी ग्रामीण भागात विम्याची ज्योत पेटवली, असं. ज्योत पेटवणारी बाई खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, म्या कशाचा बिमा काढला?"

हा किस्सा सांगून मी पुढे खूप वर्षं लोकांना हसवलं. मला अशा गोष्टींचं हसू येतं — व्यासपीठ, हार, 'मान्यवर', मान्यवरांच्या खुर्चीवर टाकलेला टॉवेल. वाचन थोडंफार होतं, जीभ बरी चालायची. स्टाफरूममध्ये माझ्या एका वाक्यावर चार जण हसले की दिवस चांगला गेला असं वाटायचं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं अशाच एका वाक्यातून निघालं.

धनसिंग हे माझं गिऱ्हाईक. डोंगरकड्याच्या अलीकडे त्याचा तांडा. त्याच्याकडे जुनी जीप होती, खाजगी पासिंगची. नाव त्याचं होतं, पण जीप खरी तांड्याची होती. बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर तीच, सोयरिकीला जायचं तर तीच. काही वर्षांपूर्वी तांड्यातली माणसं घेऊन जाणारी एका ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली होती आणि कुणाला काही मिळालं नव्हतं. तेव्हापासून त्यांनी एक रीत घातली. विम्याची तारीख आली की तांड्याचा नाईक घरोघरून वर्गणी जमवायचा आणि सगळ्यांसमोर धनसिंगच्या हातात द्यायचा. देताना एकच गोष्ट बजावायचा — बिमा फुल पाहिजे. विम्यातला 'फुल' हा एवढा एकच शब्द त्यांनी उचलला होता, आणि नेमका तोच कामाचा होता.

धनसिंग दरवर्षी शाळेत यायचा. दरवर्षी हप्ता वाढलेला असायचा. दरवर्षी तो एकच प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न अगदी बरोबर होता.

"गुरुजी, गाडी दरसाल म्हातारी होऊन राहिली. इकली तर दरसाल कमीच पैसे येतेत. मग बिमा काहून वाढून राहिला?"

मी सांगितलं, देशभर गाड्या आपटतात, त्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

"म्हंजे दिल्लीत कुणी आपटला तर भरायचं म्या?"

"बराबर."

"आन् म्या आपटलो तर दिल्लीवाले भरतेन?"

"भरतील."

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "मग वाढू द्या. दिल्लीची माणसं बी आपलीच हायेत." आणि भरून गेला. विमा या विषयावर यापेक्षा शहाणं वाक्य मी कुठल्या साहेबाच्या तोंडून ऐकलं नाही.

मग एक वर्ष असं आलं की हप्ता एकदम उडी मारून वर गेला. नाईकाने वर्गणी मागच्या सालच्या हिशेबाने जमवली होती. ती अपुरी पडली. धनसिंग मधल्या सुट्टीत आला, स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. त्याला पुन्हा घरोघर मागायला जायचं नव्हतं. "म्हणतेन, धनसिंग मधल्यामधी खाऊन राहिला." शिवाय जीपचे टायर गुळगुळीत झाले होते, त्याचीही काळजी त्याच्या तोंडावर होती.

मी काय करायला हवं होतं? तांड्यावर जाऊन नाईकाला सांगायचं, की दर वाढलेत, धनसिंगचा दोष नाही. सायकलवर संध्याकाळी जाऊन आलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, "फुल कशाला, थर्ड पार्टी काढ. पोलिसाला तेवढंच लागतं. उरलेल्या पैशात टायर टाक. विमा मेल्यावर पैसे देतो, टायर मरूच देत नाही."

स्टाफरूम हसली. एका सरांनी तर टाळीसाठी हात पुढे केला.

धनसिंग हसला नाही. त्याने विचारलं, "पर गुरुजी, फुलात आन् याच्यात फरक काय हाय?"

हा प्रश्न त्याने विचारला होता. मला इतक्या वर्षांत हे वाक्य विसरता आलं असतं तर मी विसरलो असतो — पण त्याने विचारला होता. आणि उत्तर मला पाठ होतं. थर्ड पार्टीत बाहेरच्याला मिळतं. जीपने ज्याला उडवलं त्याला, ज्याची भिंत पाडली त्याला. आत बसलेल्याला काही नाही. एवढंच. सांगायला बिडी पेटवण्याइतकाही वेळ लागला नसता.

मी म्हणालो, "कागदाचा फरक आहे."

पुन्हा थोडं हसू झालं. घंटा वाजली. मी खडू उचलला.

का म्हणालो तसं? थर्ड पार्टीवर एजंटाला दमडीचं कमिशन नव्हतं. फुल विमा काढला असता तर मला चार पैसे मिळाले असते. हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो, जसं काही त्याने मी निर्दोष ठरतो. लोभ असता तर मी फुलच गळ्यात मारला असता — लोभ परवडला असता. पण मला तेव्हा पैसा नको होता, मला हशा हवा होता. आणि तो मिळाला होता.

पण हीसुद्धा ती गोष्ट नव्हे. ही चूक झाली. चुका माणसं सांगतात, मीही कदाचित सांगितली असती. जे सांगितलं नाही ते पुढे आहे, आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

हळद काढणीच्या दिवसांत तांड्यातली काही माणसं साखरपुड्याला निघाली. जीप धनसिंग चालवत होता. बाळापूरच्या रस्त्याला लहान पुलाशी म्हैस आडवी आली. टायर नवे होते, पकड चांगली होती. त्याने म्हशीला वाचवलं आणि जीप पुलाखाली गेली. म्हशीला लागलं असतं तर तिच्या मालकाला विम्यातून भरपाई मिळाली असती. म्हशीला काही झालं नाही. लागलं ते आत बसलेल्यांना. इतरांना थोडं लागलं, जमनाबाईला फार. जमनाबाई म्हणजे धनसिंगच्या थोरल्या भावाची बायको. नांदेडच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. हळदीच्या सरीत तिच्यापुढे कुणी जात नाही असा तिचा लौकिक होता.

भरपाईच्या अर्जाला कंपनीचं उत्तर आलं. त्यात काय असणार ते मला लिफाफा न उघडता माहीत होतं.

मग तांड्यात प्रश्न उभा राहिला. वर्गणी फुल विम्याची दिली होती, निघाला दुसराच. वरचे पैसे कुठे गेले? धनसिंगने टायर दाखवले. टायर तर सगळ्यांना दिसतच होते. पण टायर घ्यायला त्याला कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, गुरुजींनी. नाईकाने मला बोलावणं पाठवलं.

मी दुपारी गेलो. नाईकाच्या घरापुढे सगळे जमिनीवर बसले होते, नाईकही. माझ्यासाठी तांड्याच्या शाळेतून लाकडी खुर्ची आणून ठेवली होती. मी आल्यावर सगळे उठले. म्हातारेसुद्धा. एकाने खांद्यावरचा पंचा काढून खुर्ची पुसली. मी बसलो. माझ्या समोर, थोड्या अंतरावर, बाजेवर जमनाबाई होती. तिच्या अंगावर गोधडी होती आणि गोधडी एका जागी अचानक सपाट होत होती.

आधी ते आपसात आपल्या बोलीत बोलले. मला थोडं कळलं, बरंच नाही. भाऊ भावाकडे बघत नव्हता, एवढं कळलं. मग जमनाबाई माझ्यासाठी मराठीत बोलली.

"गुरुजी, दीर हाय माझा. हातानं भाकर वाढलीय त्याला. त्यानं खाल्लं असंल तर खाल्लं म्हणा, न्हाई तर न्हाई म्हणा. पाय काई आता येत न्हाई. येवढं कळू द्या मला."

धनसिंगने सांगितलं. जे घडलं ते, जसंच्या तसं. स्टाफरूम, मधली सुट्टी, टायर मरू देत नाही. ते वाक्य त्याने माझ्यासारखंच म्हटलं, मी जिथे थांबलो होतो तिथेच थांबून. आणि शेवटी, "कागदाचाच फरक हाय, म्हणले."

मागून कुणीतरी म्हणालं, शपथ घ्यायला लावा. नाईकाने हात वर केला. "गुरुजीला शपथ कशाला? लेकरं शिकवतेत ते." मग माझ्याकडे वळून, "व्हय का गुरुजी? तुमी म्हणले असं?"

मी म्हणालो, "नाही. मी फुलच काढ म्हणालो होतो. त्यानं ऐकलं नाही."

झालं. हेच ते. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, इथवर आलो की एखादं चांगलं वाक्य सुचेल. मला वाक्यं सुचतात. इथे सुचत नाही.

धनसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो — तो ओरडेल, खोटं बोलताय म्हणेल, अंगावर येईल. त्यासाठी उत्तरही तयार ठेवलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी म्हणतेत तर तसंच असंल. म्याच विसरलो असंल."

जमनाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

नाईकाचा निर्णय फार कडक नव्हता. जीप विकून पैसे जमनाबाईच्या घराला द्यायचे, आणि यापुढे तांड्याचा कुठलाच पैसा धनसिंगच्या हाती द्यायचा नाही. जीपचं कुणालाच विशेष वाटलं नाही, धनसिंगलाही. दुसऱ्या अटीने मात्र तो बसल्या जागी लहान झाला. थोड्याच दिवसांत बायको घेऊन तो हिंगोलीला गेला आणि हळदीच्या व्यापाऱ्यांचा माल वाहणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. जमनाबाई त्याच्याशी पुन्हा बोलली नाही असं ऐकलं. ऐकलंच; विचारायला मी गेलो नाही.

मी खोटं का बोललो? एक उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते बरं दिसतं. एजन्सी बायकोच्या नावावर, धंदा माझा. तक्रार वर गेली असती तर नोकरी गेली असती. हे खरं आहे. पण त्या क्षणी ते माझ्या मनात नव्हतं. ते परत येताना, सायकलवर सुचलं. खुर्चीवर बसलो होतो तेव्हा मनात एवढंच होतं की हे सगळे माझ्यासाठी उठले होते, आणि 'हो, मी म्हणालो' एवढं बोललो की पुन्हा उठणार नाहीत. आयुष्यभर मान्यवरांना हसलेला माणूस मी. एका तांड्यातल्या लाकडी खुर्चीवरून मला उतरता आलं नाही.

आमच्या विहारात बुद्धजयंतीला, सहा डिसेंबरला पंचशील घ्यायचं तर पुढे मला उभं करतात, माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून. चौथं शील — मुसावादा वेरमणी — खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. मी म्हणतो, माझ्यामागे सगळे म्हणतात. त्या घटनेनंतरच्या पहिल्या जयंतीला माझी जीभ अडखळेल असं मला वाटलं होतं. कथांमधली माणसं अशा वेळी अडखळतात. मी अडखळलो नाही. उलट त्या वर्षी एका म्हाताऱ्याने कौतुक केलं, गुरुजी, आवाज छान लागला.

एजन्सी मी पुढे सोडली. सुमनला सांगितलं, आता दगदग होत नाही. दर आणखी वाढत गेले. हिंगोली जिल्हा झाली, तिथे बदली झाली, बँकेचं कर्ज काढून लहानसं घर बांधलं. बँकेने घराचाही विमा काढायला लावला. त्याचाही हप्ता दरवर्षी वाढे. लोक कुरकुरत, मी मुकाट भरायचो. फक्त कागदाची ओळ न् ओळ वाचायचो, आणि एकदा काउंटरवरच्या तरुण साहेबाला विचारत बसलो — भूकंप झाला तर? छत पडलं तर? आत माणसं असली तर त्यांचं काय? तो शेवटी वैतागला. "सर, हा घराचा विमा आहे. माणसांचा नाही." मी आभार मानले. त्याने निदान विचारल्यावर सांगितलं.

धनसिंग मला एकदाच भेटला, पुष्कळ वर्षांनी, हिंगोलीच्या एसटी डेपोजवळ. मीच आधी ओळखलं आणि पलीकडच्या फुटपाथने निघून जाणार होतो, तोच त्याने हाक मारली. केस पांढरे झाले होते. वाकून नमस्कार करायला लागला, मी धरलं. त्याच्याबरोबर दुसरा एक ड्रायव्हर होता, त्याच्याच वयाचा, तांडा वेगळा. दोघांचं विम्यावरूनच चाललं होतं. त्या माणसाने नुकतीच स्वतःची जुनी जीप घेतली होती आणि दर ऐकून हबकला होता.

"आता थर्ड पार्टीच तवाच्या फुलयेवढी झाली, गुरुजी," धनसिंग मला म्हणाला. "आन् ह्यो म्हणून राहिला, पोलिसापुरता काढतो. म्या म्हणलं, गप ऱ्हाय. माझं काय झालं ते बघ." मग त्या माणसाकडे वळला. "हे आमचे गुरुजी. यायनी मला तवाच सांगितलं होतं, फुल काढ म्हणून. चांगलं चार लोकांत सांगितलं. म्या ऐकलो न्हाई. भावजयीचा पाय गेला माझ्यापायी."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. टोमणा असेल, असं आधी वाटलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या बोलण्यात कुठेच खोच नव्हती. त्या दिवशी त्याने मला वाचवलं होतं, की माझ्या शब्दावर स्वतःच्या आठवणीला खोटं ठरवलं होतं — हा प्रश्न मी इतकी वर्षं बाळगला होता. आता तो उरला नव्हता. स्टाफरूम, घंटा, कागदाचा फरक — यातलं काही त्याच्याकडे शिल्लक नव्हतं. त्या जागी मी नाईकापुढे सांगितलेलं होतं, आणि ते त्याने इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितलं होतं की आता ते त्याचंच झालं होतं.

दुसरा ड्रायव्हर मला म्हणाला, "मंग काय करू गुरुजी? फुल का थर्ड?"

मी म्हणालो, "फुल काढ. थर्ड पार्टीत आत बसलेल्यांना काही मिळत नाही."

"बघ," धनसिंग त्याला म्हणाला. "शबूद न् शबूद हेच म्हणले होते तवा. व्हय का न्हाई, गुरुजी?"

मी मान हलवली. व्हय म्हणून.